एका पंखाचा बगळा

१

काच पुसणाऱ्या बाईला आधी वाटलं, डाग काचेवरच आहे. तिने दोनदा फडकं फिरवलं, नखाने खरवडून पाहिलं, आणि मग तिच्या लक्षात आलं की काच स्वच्छ आहे. आतल्या चित्रातला बगळाच अर्धा उरलाय. तिने ग्रंथपालबाईंना हाक मारली. ग्रंथपालबाईंनी चष्मा काढून पुसला, परत घातला, पेटीतला दिवा बंद करून पुन्हा लावला, आणि सरळ माझ्या मावशीला फोन केला.

माझी मावशी चाळीस वर्षं शाईच्या कारखान्यात होती, तपासणीच्या खोलीत. तिथे तिला सगळे ‘लिटमस’ म्हणायचे, कारण तिच्यासमोर खोटं बोलणाऱ्याचा रंग बदलतो अशी ख्याती होती. निवृत्त झाल्यावर वकील मंडळी तिच्याकडे वादातली मृत्युपत्रं आणि सह्या घेऊन यायला लागली. माझं काम गाडी चालवणं, भिंगांची पिशवी सांभाळणं आणि मधे न बोलणं. तिसरं मला अजून जमलेलं नाही.

वाचनालयाच्या मधल्या दालनात लांबलचक काचेच्या पेटीत चाळीस पानं ओळीने मांडली होती. प्रत्येक पान तळहाताएवढं, आणि त्यावर नदीकाठचं एक लघुचित्र. शहरातल्या एका वृद्ध चित्रकाराने, ज्यांना सगळे नुसतं ‘मास्तर’ म्हणत, ती बावीस वर्षं खपून काढली होती. सगळ्या पानांतल्या रेघा एकाच शाईच्या. पापणीच्या केसाइतक्या बारीक, गडद तपकिरी. बाटलीवर ‘तपकिरी सात’ असं लिहिलेलं असायचं. ती आमच्या मावशीच्याच कारखान्याची शाई. नऊ वर्षांपूर्वी तिच्यात लागणारी माती मिळेनाशी झाली, शाई बंद पडली, पाठोपाठ कारखानाही.

चौतीस पानं झाली आणि मास्तरांची शाई संपली. पाच वर्षं पुस्तक तसंच अडकून पडलं. शेवटी त्यांच्या शिष्याने दुसरी शाई तयार केली, हुबेहूब त्याच रंगाची. ती सहा महिने उन्हात ठेवून तपासली, आणि मास्तरांनी उरलेली सहा पानं तिच्यात पूर्ण केली. प्रदर्शन सुरू होऊन तीन आठवडे झाले होते. पहिली चौतीस पानं जशीच्या तशी होती. शेवटच्या पानांवरच्या रेघा मात्र फिकट गुलाबी होऊन कागदात विरत चालल्या होत्या.

ग्रंथपालबाई हातात हात घट्ट धरून उभ्या होत्या. पंधरा दिवसांनी समितीची बैठक आहे, सहा पानं काढून टाकायचं जवळजवळ ठरलंय आणि शिष्यावर फसवणुकीची तक्रार करायचीय, असं त्यांनी सांगितलं. “एक तर तो माणूस लबाड आहे, नाहीतर मास्तरांचे डोळे गेलेत. काय ते मला लेखी हवं.”

 मावशी पस्तिसाव्या पानावर भिंग धरून वाकली होती. पांढरा बगळा, पंख पसरलेला. पांढऱ्या पक्ष्याला आकार असतो तो नुसत्या रेघांचा. रेघा गेल्या की पक्षी गेला. या बगळ्याची चोच, मान, अंग आणि डावा पंख अगदी ठसठशीत होता. उजवा पंख गेला होता.

“ही सहा पानं एकाच शाईत काढलीत असं कोण म्हणालं?” मावशीने विचारलं.

“सगळेच. मास्तरसुद्धा.”

“मग सगळेच चुकतायत,” मावशी म्हणाली. “हा बगळा अर्धा होईपर्यंत बाटलीत एक शाई होती. पुढच्या अर्ध्याला दुसरी.”

२

मास्तरांचं घर दुमजली. खाली कामाची खोली, वर राहायची जागा. आम्ही गेलो तेव्हा मास्तर वर दार लावून बसले होते, आणि पानं उडायला लागल्यापासून ते कुणाशीच बोलत नव्हते. जेवणाचं ताट दाराशी ठेवायचं आणि तासाभराने अर्धं परत न्यायचं, एवढाच संबंध उरला होता. हे आम्हाला त्यांच्या सुनेने सांगितलं. ती शाळेत गणित शिकवायची, नवरा परगावी नोकरीला, आणि सासऱ्यांच्या कामातला जो भाग वहीत मांडता येतो तो तिने आपणहून अंगावर घेतला होता.

तिने खिडकी दाखवली. दक्षिणेची, दिवसभर ऊन येणारी. तिथे चार नमुनापट्ट्या अजून टाचलेल्या होत्या. प्रत्येक पट्टीवर दहा आडव्या रेघा. वरच्या पाच उघड्या, खालच्या पाचांवर काळा कागद. सहा महिन्यांनी काळा कागद उचलायचा आणि वरच्या-खालच्या रेघा ताडून पाहायच्या. फरक दिसला नाही तर शाई टिकाऊ.

पहिली पट्टी मूळ शाईची, तुलनेसाठी. ‘तपकिरी सात’चा शेवटचा थेंब तिच्यावर खर्च झाला, तोही सगळ्यांच्या देखत. दुसरी दुकानात मिळणाऱ्या तयार शाईची. तिसरी शिष्याच्या मिश्रणाची. चौथी स्वतः सूनबाईंची. तिने अक्रोडाच्या टरफलांचा काढा उकळून पाहिला होता. दुसरी निळसर पडली, चौथी पार उडाली. तिसरी पहिलीच्या बरोबरीने टिकली.

“ज्याची शाई त्यानेच रेघा काढायच्या, असं ठरलं होतं,” सूनबाई म्हणाली. “माझ्या बघा ना, गांडुळं फिरल्यासारख्या आहेत.”

खरंच तशा होत्या. मावशी हसली, पण तिचा हात वहीकडे गेला होता. दर गुरुवारी सूनबाई चारही पट्ट्या पाहून नोंद करायची. अक्षर छापल्यासारखं, सहा महिन्यांत कुठे खाडाखोड नाही. फक्त दुसऱ्या आठवड्यात तिसऱ्या पट्टीची नोंद जाड शाईने गिरवून काढून टाकली होती, आणि तिच्या बाजूला लिहिलं होतं, ‘फरक नाही’.

मावशीने कागद उजेडासमोर धरला. मागून अक्षरं वाचता येत होती. ‘किंचित गुलाबी.’

सूनबाईचा चेहरा उतरला. ती म्हणाली, त्या गुरुवारी तिला तसं वाटलं होतं खरं. पुढच्या गुरुवारी पाहते तर पट्टी चांगली तपकिरी. उडालेला रंग परत येत नाही, म्हणजे आपलीच नजर चुकली असणार, असं समजून तिने नोंद खोडली.

“कुणाला सांगितलंत?”

“बाबांना. ते म्हणाले, संध्याकाळच्या उन्हात तसं दिसतं.” थोडं थांबून ती हळूच म्हणाली, “डावऱ्यांना नाही सांगितलं. माझी स्वतःची शाई हरत होती ना. त्यांना वाटलं असतं, जळते.”

डावऱ्या म्हणजे शिष्य. वय बावन्न, पण विशीत या घरात आला तेव्हा पडलेलं नाव केस पिकले तरी सुटलं नव्हतं.

गाडीत बसल्यावर मी म्हटलं, “मावशी, स्वतःची वही स्वतः खोडणारी बाई मला काही सरळ वाटत नाही.”

“मलाही,” मावशी म्हणाली. “पण खोडायचंच होतं तर मागून वाचता येईल असं का खोडलं?”

३

रंगांचा दुकानदार गोड बोलणारा माणूस. आम्हाला स्टुलं दिली, पंखा आमच्याकडे वळवला, आणि मावशीने ‘तपकिरी सात’चं नाव काढताच तोच पंख्यासमोर येऊन उभा राहिला. त्याचं म्हणणं, त्या शाईची एक बाटली नऊ वर्षांत त्याने डोळ्यांनी पाहिलेली नाही. कारखाना बंद झाला तेव्हा शेवटचा अर्धा डझन मास्तरांनीच उचलला.

त्याच्या मागच्या फळीवर छोट्या बाटल्या होत्या. चिठ्ठीवर ‘तपकिरी तीन’ आणि खाली शिष्याचं नाव. मिश्रण पास झाल्यावर दुकानदाराने ते भरून विकायला काढलं होतं. अडतीस बाटल्या खपल्या होत्या: कुणी चित्रकार, कुणी पुस्तकं दुरुस्त करणारे, एक नकाशे काढणारा.

“पानं उडाल्याचं कळल्यावरही विकताय?” मावशीने विचारलं.

तो गडबडला. त्याचं म्हणणं, शाईत दोष नाही. सहा महिने उन्हात टिकली ती तीन आठवड्यांत दिव्याखाली कशी उडेल? कुणीतरी मास्तरांची बाटली बदलली असणार. आणि मग आवाज खाली आणून, जणू आमच्यावर उपकार करतोय अशा थाटात, त्याने सुचवलं की त्या घरात आणखी एक शाई हरली होती, आणि ती ज्यांची, त्यांच्याकडेच कामाच्या खोलीची किल्ली असते.

बाहेर आल्यावर मी मोजून दाखवलं. शिष्याला नाव मिळालं, दुकानदाराला माल मिळाला, सूनबाईला राग होता. तिघांपैकी कुणी बाटली बदलली?

“आधी एक सांग,” मावशी म्हणाली. “बगळ्याचा टिकलेला अर्धा भाग कुठल्या शाईचा आहे?”

“तपकिरी तीन. खरी, चांगली.”

“तपकिरी तीन चांगली आहे हे तू पाहिलंस?”

पाहिलं नव्हतं. कुणीच पाहिलं नव्हतं. सगळ्यांनी पाहिली होती ती फक्त एक पट्टी.

४

शिष्य शिंप्याच्या दुकानावरच्या एका खोलीत राहायचा. एकटाच. खोलीत खाट, स्टोव्ह आणि भिंतभर कागदाचे तुकडे. प्रत्येकावर तपकिरी रंगाची वेगळी छटा आणि खाली तारीख. पाच वर्षांतले प्रयत्न. मी मोजले, सोळा फसलेले आणि एक साधलेला.

तो उंच, वाकलेला, कमी बोलणारा होता. मावशीने शाई समोर करून दाखवायला सांगितली तेव्हा त्याने विचारलं सुद्धा नाही की का. डाव्या हाताने थेंब मोजत त्याने काळ्यात तांबडा आणि पिवळा मिसळला, डिंकाचं पाणी घातलं, ढवळलं, गाळलं. काम चालू असताना तो जरा मोकळा झाला. म्हणाला, रंग अचूक साधलाय, पण एक खोट आहे: डिंकामुळे आठवड्यात आंबतं. म्हणून दर सोमवारी पहाटे, मास्तर खाली यायच्या आधी, तो बाटली धुऊन ताजं भरतो.

“ते त्यांना माहीत आहे?”

“त्यात सांगायचं काय, बाई? तीस वर्षं त्यांचं पाणी, रंग, शाई मीच भरतोय.”

त्याचा संशय कुणावर, असं विचारल्यावर तो बराच वेळ कुंचला पुसत राहिला. शेवटी म्हणाला, सूनबाईंनी अक्रोडाच्या शाईवर फार जीव लावला होता. तरी त्या वाईट आहेत असं त्याला म्हणायचं नाही. मास्तरांचं मात्र त्याला कळत नव्हतं. इतके दिवस तो रोज दाराबाहेर उभा राहून हाक मारतो आणि आतून उत्तर येत नाही.

“मला वाटतं त्यांना मीच केलंय असं वाटतं,” तो म्हणाला.

मावशीने त्याला ताज्या शाईच्या दहा रेघा काढायला लावल्या. तो उजव्या कडेला कुंचला टेकवायचा आणि डावीकडे ओढत न्यायचा. सुरुवातीला भरीव असलेली रेघ शेवटी धाग्यासारखी होऊन हवेत सुटायची. ती पट्टी मावशीने आमच्या गच्चीवर उन्हात ठेवली. अर्धी उघडी, अर्धी झाकलेली.

मी रोज चहाचा कप घेऊन वर जायचे. मला तो माणूस आवडला होता, आणि ती पट्टी टिकावी असं मला मनापासून वाटत होतं. आठव्या दिवशी काळा कागद न उचलताच दिसलं. उघड्या रेघा गुलाबी पडल्या होत्या.

५

“म्हणजे बाटली बदलणारा कुणी नाहीच,” मी म्हटलं. “शाईच खोटी.”

“शाई खोटी नाही, कच्ची आहे. कच्ची असणं हा काही गुन्हा नाही.” मावशी चपला घालत होती. “आठ दिवसांत उडणारी शाई त्या खिडकीत सहा महिने टिकली. खोटी आहे ती पट्टी.”

आम्ही पुन्हा मास्तरांच्या कामाच्या खोलीत गेलो. सूनबाई शाळेतून यायची होती. आम्हाला किल्ली शेजारणीकडून मिळाली. मावशीने तिसरी पट्टी काढून टेबलावर ठेवली आणि सगळ्यांत मोठं भिंग पिशवीतून काढलं. बराच वेळ ती रेघांवरून भिंग फिरवत राहिली. मग भिंग माझ्या हातात दिलं.

“खालच्या, झाकलेल्या पाच रेघा बघ. भरीव टोक कुठल्या बाजूला?”

“उजवीकडे.”

“आता वरच्या पाच.”

वरच्या रेघा डावीकडे भरीव होत्या आणि उजवीकडे निमुळत्या होत गेल्या होत्या. आणि उजव्या टोकाला, जिथे रेघ धाग्याइतकी बारीक झाली होती, तिथे तिच्या दोन्ही बाजूंनी अगदी फिकी, धुरकट गुलाबी कड डोकावत होती.  त्या रेघांच्या खाली दुसऱ्या रेघा होत्या. कुणीतरी उडत चाललेल्या रेघा पुन्हा गिरवल्या होत्या, केसावर केस ठेवावा तशा.

मावशीने कापसाचा ओला बोळा झाकलेल्या रेघेवर टेकवला. रेघ फुटली, बोळा तपकिरी झाला. तोच वरच्या रेघेवर टेकवला. रेघ हलली नाही.

“लाख आहे हिच्यात. वाळल्यावर पाण्याला दाद देत नाही. ही शाई मी चाळीस वर्षं तपासली, आत काय घालायचे ते मालकाने आम्हाला कधी कळू दिलं नाही. पण वागायची कशी ते मला झोपेतसुद्धा सांगता येईल. ही ‘तपकिरी सात’ आहे.”

म्हणजे शेवटचा थेंब संपल्यावरही या घरात कुणाकडे तरी ती शाई होती. रेघेवर रेघ इतकी नेमकी ठेवायला मुरलेल्या कारागिराचा हात हवा; सूनबाईची गांडुळं ते करू शकत नव्हती, आणि दुकानदाराने आयुष्यात कुंचले फक्त विकले होते. असा हात असणारी दोनच माणसं होती. त्यातल्या एकाच्या रेघा उजवीकडून सुरू होतात.

मी वर, छताकडे पाहिलं. वरच्या खोलीत पावलांचा आवाज होत होता, आणि तो आमच्या डोक्यावर येऊन थांबला.

६

मावशी जिना चढून गेली आणि बंद दाराशी उभी राहून म्हणाली, “मास्तर, पट्टीवर तुमचा हात आहे. खाली येऊन तुम्ही सांगता, की मी सांगू?”

 मग कडी निघाली.

मावशीने शिष्याला, दुकानदाराला आणि ग्रंथपालबाईंना बोलावून घेतलं. सूनबाई शाळेतून आली ती दप्तर खांद्यावर तसंच ठेवून दारात उभी राहिली. मास्तर आपल्या बैठकीवर बसले. दाढी वाढलेली, सदरा चुरगळलेला, पण हात मांडीवर अगदी स्थिर. त्यांनी कुणाकडे न बघता सांगितलं.

एक बाटली त्यांनी मागे ठेवली होती. सहा पानांपुरती. ती वापरून पुस्तक संपवता आलं असतं, पण मग शिष्याच्या खटपटीला अर्थ राहिला नसता. आणि त्यांच्यानंतर त्याने कशात काढायचं? म्हणून ती नाहीच असं त्यांनी सांगितलं आणि वाट पाहिली. सोळा मिश्रणं फसली. सतराव्याचा रंग असा जुळला की शिष्य लहान पोरासारखा खोलीभर फिरला. दुसऱ्या आठवड्यात पट्टी गुलाबी पडायला लागलेली त्यांनी पाहिली. सुनेनेही पाहिली.

“त्याला सांगायला खाली आलो होतो,” मास्तर म्हणाले. “तो भिंतीला टेकून झोपला होता. थकलेला. ती सतरावी वेळ होती. मला त्याचा चेहरा बघवला नसता.”

मग त्यांनी रेघा गिरवल्या. ठरवलं ते एवढंच: पानं खऱ्या शाईत काढायची, नाव शिष्याच्या शाईचं होऊ द्यायचं. पस्तिसावं पान सुरू करताना त्यांनी कामाच्या बाटलीतलं शिष्याचं मिश्रण फेकलं आणि मागे ठेवलेली सगळी शाई तिच्यात ओतली. दुकानदार ते मिश्रण विकायला काढेल हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं. आणि काढल्यावर थांबवायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं.

ग्रंथपालबाई पुढे झाल्या. “पण मग पानं उडाली कशी?”

तेव्हा मास्तरांनी पहिल्यांदा शिष्याकडे पाहिलं. त्या नजरेत काय होतं ते मला नीट सांगता येणार नाही. राग होता, आणि रागाखाली भीती. “हाच प्रश्न मी वर बसून रोज स्वतःला विचारतोय. बाटली मी भरली होती. याला माझी लबाडी कळली असेल, आणि मानी माणूस आहे, मुद्दाम परत आपलीच शाई भरली असेल. दुसरं काही सुचत नाही.”

शिष्य दोन पावलं पुढे झाला. 

“मास्तर, बगळा तुम्ही कुठल्या वारी सुरू केलात?” मावशीने विचारलं.

“गुरुवारी. रविवारी एक पंख झाला होता.”

मावशी शिष्याकडे वळली. “आणि सोमवारी पहाटे तू काय करतोस?”

त्याला उत्तर द्यावं लागलं नाही. ते त्याच्या चेहऱ्यावर उमटताना आम्ही पाहिलं. तो हळूहळू कोपऱ्यातल्या मोरीपाशी गेला आणि तिथल्या जाळीकडे बघत राहिला. बाटली धुऊन तो तिथेच रिकामी करायचा. जगात कदाचित कुठेच न उरलेली ती शाई, मास्तरांनी पाच वर्षं लपवलेली, त्याने एका सोमवारी पहाटे तिथे ओतून वर दोन तांबे पाणी सोडलं होतं.

ग्रंथपालबाईंनी चष्मा काढून हातात धरला. 

“चार महिने एकाच बाटलीतून सहा पानं काढलीत,” मावशी मास्तरांना म्हणाली, अगदी हळू. “तिच्यातली शाई कमी कशी होत नाही, हे मनात आलं नाही?”

मास्तरांनी मान हलवली. “तीस वर्षांत माझी बाटली कधी रिकामी सापडली नाही, बाई. ती रिकामी होते हेच मी विसरलो होतो.”

शिष्य मोरीपासून वळला. त्याचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं, असं मला वाटलं.

“मला तुमची शाई नको होती, मास्तर. एकदा खांद्याला हात लावून उठवायचं होतं. म्हणायचं होतं, अरे, तुझी पट्टी उडाली. मी अठरावी केली असती.” त्याने टेबलावरचे आपले कुंचले गोळा केले. “तुम्ही मला लबाड समजलात, त्याचं एवढं वाटत नाही. तुम्ही मला कच्चा समजलात.”

तो जिन्याखालून बाहेर गेला. मास्तर उठले, पण त्यांना दारापर्यंत जायला वेळ लागला, आणि तोपर्यंत गल्ली रिकामी होती.

७

मावशीचा अहवाल दोन पानांचा होता आणि त्यात ‘फसवणूक’ हा शब्द कुठेच नव्हता. ग्रंथपालबाईंनी तो तीनदा वाचला, समितीपुढे ठेवला आणि सहा पानं टिकाऊ शाईत पुन्हा काढून घ्यायला स्वतःच्या जबाबदारीवर एक वर्षाची मुदत मागून घेतली. एवढ्या कडक बाईकडून मी ती अपेक्षा केली नव्हती.

शिष्य दुकानदाराकडून गिऱ्हाइकांची यादी घेऊन घरोघर गेला. दार उघडणाऱ्याला सांगायचा, या शाईवर माझं नाव आहे, ती टिकत नाही, परत द्या. अडतीसपैकी एकतीस बाटल्या परत आल्या. नकाशेवाल्याने त्याला दारातच पाऊण तास झापलं, आणि मग बसवून चहा दिला.

मास्तरांच्या कामाच्या खोलीत तो परत गेला नाही. पट्ट्या आता आमच्या गच्चीवर असतात. त्यानेच तशी विनंती केली. सूनबाई दर गुरुवारी शाळा सुटल्यावर वही घेऊन येते, आणि काही दिसलं की आधी त्याला फोन लावते, मग लिहिते. अठरावी तिसऱ्या आठवड्यात गेली. एकोणिसावी तिसऱ्या महिन्यात. विसाव्यात त्याने रंगीत पाण्याचा नाद सोडून गंजाची भुकटी खलून लाखेत कालवली. ती उन्हाला दबली नाही, पण कुंचल्यात गोळा व्हायची. एकविसावी सहा महिने टिकली. मावशीने ओला बोळा टेकवला, भिंगातून दोन्ही बाजू पाहिल्या, आणि स्वतःच्या सहीचा कागद जोडून दिला.

तो कागद द्यायला आम्ही शिंप्याच्या दुकानावरच्या खोलीत गेलो तेव्हा मास्तर तिथे होते. पहिल्यांदाच आले नव्हते, हे खुर्चीवरच्या त्यांच्या उशीवरून कळत होतं. दोन जिने चढून येतात आणि बसून भुकटी खलतात, असं शिंपी आम्हाला म्हणाला होता. दोघांत फारसं बोलणं होत नव्हतं. झालं गेलं यावर तर नाहीच.

नवी शाई झटकन वाळायची. मास्तरांची रेघ संथ. पन्नास वर्षांची सवय. त्यांनी कागदावर कुंचला टेकवला आणि रेघ मधेच अडली, तुटली. दुसरी अडली. तिसऱ्या वेळी त्यांनी कुंचला खाली ठेवला आणि आपल्या हाताकडे बघत बसले.

शिष्य उठला. त्यांच्या मागे जाऊन उभा राहिला, थोडा घुटमळला, मग वाकून स्वतःचा डावा हात पुढे केला आणि कागदावर एक रेघ ओढली. न थांबता, एका श्वासात, उजवीकडून डावीकडे.

मास्तरांनी ती रेघ डोळ्यांजवळ नेऊन पाहिली. कितीतरी वेळ पाहिली. मग कागद परत टेबलावर ठेवला, सरळ केला, आणि खुर्ची थोडी बाजूला सरकवून त्याला जागा करून दिली.

“परत दाखव,” ते म्हणाले.